बाळासाठी साधा डिजिटल थर्मामीटर : सात महिने वापरल्यावर

आमच्या घरात तापाला जोर म्हणतात. "बायेक जोर आयला" असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा गेल्या जुलैतली एक रात्र होती, पावणेदोन वाजले होते आणि माझी मुलगी आठ महिन्यांची होती. तिचा हा पहिलाच ताप. आम्ही गोव्यात, मयेला राहतो. बाहेर पाऊस असा की अंगणातला फणस दिसत नव्हता, वीज गेलेली, नवरा कुंडईच्या कारखान्यात रात्रपाळीला. ताप मोजायला घरात दोनच गोष्टी होत्या : सासूबाईंचा हात आणि कपाळासमोर धरायचं ते पिस्तुलासारखं यंत्र. हात म्हणत होता अंग भाजतंय. यंत्र म्हणत होतं ९७.९.

पहाटेपर्यंत मी ते यंत्र निदान वीस वेळा धरलं असेल. ९७.९, ९८.४, ९६.८, परत ९८. मूल माझ्या छातीशी, त्याची ऊब मला ब्लाउजमधून लागतेय, आणि पडद्यावर मात्र सगळं ठीक असल्याचा हिरवा रंग. काय खरं धरायचं हेच कळेना. दूध पीत होती, डोळे उघडून माझ्याकडे बघत होती, तेवढ्या आधारावर सकाळ केली.

सात वाजता म्हापशाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी तीन प्रश्न विचारले. ताप किती? कुठे मोजला? किती वाजता? तिन्हींपैकी एकाचंही धड उत्तर माझ्याकडे नव्हतं. "आधी साधा थर्मामीटर आणा, काखेत लावा, आणि मुलीला घेऊन या," म्हणाले. डिचोलीला बसस्टँडजवळची फार्मसी उघडली तेव्हा दारात मीच उभी होते. तिथून घेतलेल्या २३० रुपयांच्या थर्मामीटरबद्दल हे लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण याच जातीचे चारपाच कंपन्यांचे थर्मामीटर त्या काचेच्या कपाटात होते आणि सगळ्यांचं काम एकाच पद्धतीने चालतं. लांबट दांडी, टोकाला मऊ वाकणारं रबर, त्याच्या पुढे धातूची टोपी, मध्ये छोटा पडदा, एक बटण.

त्या कपाळाच्या यंत्राबद्दल आधी सांगते, म्हणजे गैरसमज नको. ते दिराने बारशाला दिलं होतं, मनापासून आणि चांगले पैसे घालून. झोपलेल्या बाळाला न हलवता मोजता येतं ही त्याची सोय खरी आहे. पण ते कपाळाच्या त्वचेतून बाहेर पडणारी उष्णता टिपतं. त्वचा ओली असली, घामेजली असली, पंख्याचा वारा लागत असला की आकडा खाली येतो. किती अंतरावरून धरलं याचाही फरक पडतो. त्या रात्री सासूबाईंनी कपाळावर कोलन वॉटरची पट्टी ठेवलेली, आणि मी पट्टी उचलायची की लगेच यंत्र धरायचं. मी मुलीचा ताप मोजतच नव्हते, पट्टीने गार केलेलं कपाळ मोजत होते. हे मला डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी समजावलं. त्यांनी कोलन वॉटरही बंद करायला सांगितलं. त्यात अल्कोहोल असतं, ते लहान बाळाच्या त्वचेतून आणि श्वासातून आत जातं. बर्फाचं किंवा गार पाणीही नको, त्याने बाळ कुडकुडतं आणि कुडकुडण्याने अंग आणखी तापतं. पुसायचंच असेल तर कोमट पाण्याने, तेही बाळाला बरं वाटत असेल तरच. पावसात गारठा म्हणून आम्ही तिला गोधडीत गुंडाळलं होतं, तीही काढून एक सुती झबलं ठेवलं.

त्या सकाळी फार्मसीतच, बाकावर बसून, पहिल्यांदा काखेत लावला. १०१.६. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर ते भीतीचं नव्हतं. रात्रभर मला जे कळत होतं ते खरं होतं, एवढंच.

आता वापराबद्दल. आठ महिन्यांचं मूल काखेत काहीतरी घालून शांत बसत नाही. मी ते दूध पाजताना करते. जो हात वर मोकळा राहतो त्याची काख आधी सुती कापडाने कोरडी करायची, कारण गोव्याच्या दमट हवेत बाळाच्या काखेत घाम असतोच. मग टोक काखेच्या मधोमध, कातडीला टेकेल असं, झबल्याचं कापड मध्ये येऊ न देता. नंतर तिचा दंड माझ्या हाताने अंगाशी धरून ठेवायचा. रबराचं टोक वाकतं म्हणून ती हलली तरी टोचत नाही, आणि हाच या थर्मामीटरचा मला सर्वांत आवडलेला गुण. कडक दांडीचा थोडा स्वस्त मिळतो. बाळासाठी तो घेऊ नका.

खोक्यावर ६० सेकंद लिहिलं आहे. साधारण तेवढ्यात बीप होतो, पण काखेत असताना बीपनंतरही आकडा चढतो हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. १००.९ वर वाजला आणि आणखी दोन मिनिटं ठेवला तर १०१.३. फार्मसीतल्या बाईंनी हे घेतानाच सांगितलं होतं : "वाजला की लगेच काढू नका, एक स्तोत्र म्हणून होईपर्यंत राहू द्या." मी तीन मिनिटं धरते. आंघोळीनंतर किंवा अंगावर गोधडी असताना लगेच मोजत नाही, पंधरावीस मिनिटं जाऊ देते.

एक काम मी फार उशिरा केलं, तुम्ही आधी करा. मूल बरं असतानाचा आकडा माहीत हवा. तापातून उठल्यावर आठवडाभराने मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून ठेवला. माझ्या मुलीचा काखेतला नेहमीचा आकडा ९७.६ ते ९८.४ च्या मध्ये असतो, संध्याकाळी थोडा वर. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा जरासा कमीच येतो. त्यात स्वतःच्या मनाने एक मिळवू का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही मिळवू नका, वजा करू नका, दिसला तो आकडा सांगा आणि "काखेत" हा शब्द सांगा. पुढचं आम्ही बघतो.

ताप म्हणजे किती, तर १००.४ फॅरेनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस. थर्मामीटरवर बटण दाबून ठेवलं की एकातून दुसऱ्यात बदलतं. चुकून सेल्सिअसवर गेला आणि ३८.६ दिसलं तर घाबरलेल्या माणसाला ते कमी वाटू शकतं, म्हणून लावण्याआधी पडद्याच्या कोपऱ्यातलं अक्षर बघायची सवय केली आहे. आणि ज्यांचं बाळ तीन महिन्यांच्या आतलं आहे त्यांनी माझं हे सगळं बाजूला ठेवावं. इतक्या लहान बाळाला १००.४ किंवा त्याच्या वर ताप आला तर घरी औषध देऊन वाट बघायची नाही, रात्र असो की पाऊस, त्याच वेळी दवाखाना. काख थोडं कमी दाखवते हे धरून, ९९ च्या पुढे गेला तरी मी त्या वयात डॉक्टरांना फोन केला असता.

त्या फार्मसीबद्दलही लिहायलाच हवं. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी दुपारी परत गेले तेव्हा त्या बाईंनी बाटली देण्याआधी विचारलं, "वजन किती बायेचं?" सात किलो सहाशे. त्यांनी चिठ्ठीवरचा डोस त्या वजनाशी ताडून पाहिला, बाटलीवर मार्करने वेळा लिहिल्या आणि मला विचारलं की घरी दुसरी कुठली तापाची बाटली आहे का. होती. जावेच्या पाच वर्षांच्या मुलाचं सिरप, आदल्या रात्री सासूबाई तेच द्यायला निघाल्या होत्या आणि मीच नको म्हटलं होतं, नुसत्या भीतीने, कारण ठाऊक नसताना.

ते कारण फार्मसीतल्या बाईंनी समजावलं. लहान बाळांचे पॅरासिटामॉलचे थेंब मिळतात त्यात एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरप मिळतं त्यात पाच मिलिलिटरला १२० किंवा २५० मिलिग्रॅम. म्हणजे थेंबांची बाटली दिसायला छोटी, पण औषध त्यात जास्त दाट. सिरपच्या सवयीने कोणी चमचाभर थेंब दिले तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातील, मोठ्या माणसाची एक गोळी! वजनाच्या दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम असा हिशेब असतो. माझ्या मुलीला डॉक्टरांनी थेंबांची एक मिलिलिटर मात्रा सांगितली, दोन डोसांच्या मध्ये सहा तासांचं अंतर, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. ही तिच्या तेव्हाच्या वजनाची मात्रा आहे, तुमच्या बाळाची तुमचे डॉक्टर सांगतील. पण तुमच्या बाटलीवर एका मिलिलिटरला किती लिहिलंय ते आज दिव्याखाली धरून वाचा. रात्री वाचता येत नाही, अक्षरं फार बारीक असतात.

त्यांनी दहा रुपयांची सुई नसलेली सिरिंजही दिली. चमच्यापेक्षा ती कितीतरी चांगली. गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडायचं, एकदम घशात नाही. पावसाळा होता म्हणून आणखी एक गोष्ट बजावली, जी डॉक्टरांनीही सांगितली होती : गोव्यात या दिवसांत डेंगी असतो, तेव्हा आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड असलेलं तापाचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. डेंगी निघाला तर त्याने रक्तस्राव वाढू शकतो. ॲस्पिरिन तर मुलांना अजिबातच नाही. दुकानात माझ्या मागे चार माणसं उभी होती. बाईंनी घाई केली नाही.

थर्मामीटरची खरी परीक्षा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला झाली. मुलीला नऊ महिने पूर्ण झाले आणि गोवर-रुबेलाची लस दिली. नर्सबाईंनी सांगूनच ठेवलं होतं की या लसीचा ताप आला तर लगेच नाही, आठवड्याभराने येईल. बरोबर चवथीच्या सकाळी अंग गरम. घरात माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती फळाफुलांची चौकट) बांधून झालेली, सुपारीचे घोस, कवंडळं, गणपती बसलेला, सत्तरी तालुक्यातून दोन आत्या, जावा, दीर, मिळून तेरा माणसं. प्रत्येकाने येऊन कपाळाला हात लावला. आत्येबाई नारळ खोवून, हात धुऊन आलेल्या, त्यांना मूल भयंकर तापलेलं वाटलं. चुलीपुढून उठून आलेल्या जावेला काहीच वाटेना. मी खोलीचं दार लोटून पाजायला घेतलं आणि काखेत लावला. १००.८, सकाळी ११.१०. वहीत लिहिलं.

डॉक्टरांना फोन केला. काखेत १००.८, अकरा दहाला, आठ दिवसांपूर्वी लस, दूध पिते आहे, सकाळपासून दोन लंगोट ओले झाले, मध्येच हसते. एवढं बोलायला मला अर्धा मिनिट लागला. ते म्हणाले येऊ नका, किरकिर करत असेल तर थेंब द्या, हसतखेळत असेल तर देऊही नका, संध्याकाळी पुन्हा कळवा. आकडा खाली आणायला औषध द्यायचं नसतं, बाळाला त्रास होतो म्हणून द्यायचं असतं, हे मला त्या दिवशी नीट उमगलं. दुपारी ती किरकिरली तेव्हा एक मात्रा दिली. झोपली. झोपलेली असताना मोजायला उठवलं नाही. संध्याकाळी ९९.७, दुसऱ्या दिवशी ९८.२. तेरा माणसांच्या घरात त्या वहीवरच्या आकड्यांमुळे कोणी कोणाशी वाद घातला नाही. सासूबाई तर प्रत्येक येणाऱ्याला वही दाखवत होत्या.

आता उणिवा, कारण त्या आहेत आणि त्यातली एक गंभीर आहे.

बीप फार बारीक. चवथीला संध्याकाळी घुमट, म्हणजे आमचं मातीचं वाद्य, वाजवत आरती सुरू झाल्यावर मला तो ऐकूच आला नाही, आणि कौलांवर पाऊस कोसळत असला तरी येत नाही. घड्याळ बघून धरावं लागतं. पडद्याच्या मागे दिवा नाही. आमच्याकडे पावसात वीज जाते तेव्हा मोबाइलचा प्रकाश वाचायला लागतो आणि तो बाळाच्या डोळ्यांवर जातो. शेवटचा आकडा आठवणीत राहतो, पण तो एकच. म्हणून वही लागतेच. सोबतचा कागद इंग्रजीत आणि हिंदीत, मराठीत एक ओळ नाही. आमच्या सासूबाई रोज मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, दिवसा मूल त्यांच्याकडे असतं कारण मी शाळेत शिकवते. सूचना त्यांच्यासाठीच हव्या होत्या. मी मोठ्या अक्षरांत एक चिठ्ठी लिहून डबीत ठेवली आहे.

गंभीर गोष्ट बॅटरीच्या झाकणाची. आत शर्टाच्या बटणाएवढा गोल सेल असतो. माझ्या थर्मामीटरचं झाकण स्क्रूचं नाही, नखाने सरकतं. असा सेल मुलाने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं. आता माझी मुलगी चालते, खुर्चीला धरून टेबलावर हात घालते, हातात येईल ते तोंडात घालते. झाकणावर मी रुंद चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि डबी देवघराच्या वरच्या फळीवर असते. कंपन्यांनी हे झाकण स्क्रूचं करावं, त्यासाठी पाचपंचवीस रुपये जास्त घेतले तरी चालतील.

सासूबाईंकडे जुना पाऱ्याचा थर्मामीटरही होता, त्यांच्या मुलांच्या वेळचा, अजून बरोबर मोजणारा. तो वापरत नाही. बाळाच्या काखेत काच फुटली तर काच आणि पारा दोन्ही, आणि सांडलेल्या पाऱ्याची वाफ विषारी असते. पाऱ्याची अशी उपकरणं जगभरातून हटावीत म्हणून २०१३ मध्ये मिनामाता करार झाला, भारतही त्यात आहे. आम्ही तो कचऱ्यात न टाकता घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करून ठेवला आहे.

या उपकरणाकडून काय मागू नये तेही सांगते. जुलैत तिसऱ्या दिवशी तिचा ताप ९९ वर आला आणि मी निर्धास्त झाले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आकडा बघता तितकंच मूल बघा. दूध ओढत नाही, उठवूनही सुस्त पडते, श्वास भराभर चालतो (दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचा मिनिटाला ५० किंवा जास्त), छाती आत ओढली जाते, सहाआठ तास लंगोट कोरडा, डोक्यावरची टाळू खोल गेलेली किंवा फुगलेली, अंगावर दाबूनही न विरणारे लाल-जांभळे ठिपके, यातलं काहीही दिसलं तर थर्मामीटर काय म्हणतो ते न बघता निघायचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या काही मुलांना तापात झटके येतात. आले तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबले नाहीत तर १०८. थांबले तरी त्याच दिवशी दाखवायचं. हे आकडे आणि १०८ मी सासूबाईंच्या चिठ्ठीत सर्वांत वर लिहिले आहेत. नवरा रात्रपाळीला असला की आम्ही दोघीच असतो, आणि म्हापशाचा जिल्हा दवाखाना काय, बांबोळीचं मेडिकल कॉलेज काय, पावसात गाडी काढून कोण नेणार हा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा लागतो. शेजारच्या घरी आम्ही तसं सांगून ठेवलं आहे.

सात महिन्यांत चार वेळा ताप आला, सेल अजून पहिलाच आहे. टोक साबणाच्या पाण्याने पुसते, उकळत्या पाण्यात घालत नाही. पाचपैकी चार गुण देते. एक झाकणासाठी कापला.

वाळपईला माझ्या धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले आहेत. गेल्या शनिवारी त्याच फार्मसीतून दुसरा घेतला, सोबत एक सिरिंज, एक छोटी वही. वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहिल्या : किती, कुठे, किती वाजता. आणि झाकणावर चिकटपट्टी मीच लावून दिली.